लिपच्या घरातलं पाणी

विमसिंग गावात आडनाव फक्त दोघांना लागतं, पोस्टमनला आणि कबर खोदणाऱ्याला. बाकी सगळा कारभार घराच्या नावावर. ज्या घरात राहाल ते तुमचं नाव. घर विका, त्यात जावई येऊ द्या, नाहीतर भाडेकरू ठेवा, नाव मेलं तरी घर सोडत नाही. आत येणाऱ्याच्या मानगुटीवर बसतं.

म्हणूनच किलियानला गावात सगळे लेडरर म्हणत. लेडरर म्हणजे कातडी कमावणारा. त्या घरात शंभर वर्षांत कोणी कातडं कमावलं नव्हतं. आता तिथे कातडं उरलं होतं ते एकट्या किलियानचं, आणि ते भलतंच जाड होतं. वय त्रेपन्न, नोकरी ग्रामपंचायतीची. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा आणि बारा महिने लोकांच्या खोड्या काढायच्या. सरपंचाची गाडी बंबखान्याच्या छपरावर कशी चढली, हे पोलिसांना अजून कळलेलं नाही. गावाला कळलेलं आहे.

असा हा गडी त्या रविवारी दुपारी स्वतःच्याच जेवणघरात गप्प बसला होता. समोर कॉफी, प्लमचा केक, आणि होणारी विहीणबाई गुंडुला.

"आफ्रा एडनहोफर!" गुंडुलाने केकचा तुकडा हवेत धरून म्हटलं. "म्हणून तरी बघा. जिभेवर लोण्यासारखं विरघळतं."

किलियानची मुलगी आफ्रा हसली. गुंडुलाच्या मुलाशी, क्विरीनशी, तिचं लग्न होतं. "अजून ठरलं नाही हो आमचं. एडनहोफर लावायचं की माझं शॉयनफ्लुग, ते नोंदणीला लिहू. पुढच्या सोमवारी."

"त्यात ठरवायचं काय आलं?"

"दोन्ही जोडली असती, पण दाराच्या घंटीवर मावत नाहीत."

"अगं पोरी, तुझ्या वडिलांसमोर बोलू नये, पण शॉयनफ्लुगचा अर्थ शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे."

माहीत होताच. नांगराला भिणारा. पाचशे वर्षांपूर्वी कुठल्याशा गावाने कुठल्याशा शेतकऱ्याला चिडवायला ठेवलेलं नाव. सरळ बोलायचं तर कामचोर. त्यात किलियान हिवाळ्यात चालवतो ते यंत्र म्हणजे बर्फाचा नांगर, त्यामुळे दर डिसेंबरात गावाला तोच विनोद नव्याने सुचे.

"आमच्याकडे बघा," गुंडुला बोटं मोजायला लागली. "एक एडनहोफर बिशपचा चिटणीस होता. एक पासाऊच्या रंगमंचावर गायची. एकाच्या नावाने दवाखान्यात अख्खी खोली आहे. आणि सगळ्यांच्या वर आमचा जुना लिप!"

इथे मात्र कोणी काही बोलू शकत नव्हतं. एडनहोफर मंडळी लिपच्या घरात राहतात. आणि चौकातल्या हौदावर दगडात कोरलंय, 'लिपने आम्हाला पाणी आणलं, १८४७'. त्याआधी गावातल्या बाया अर्धा तास चालून नदीवरून पाणी वाहायच्या. लिपने डोंगरातला झरा गावात आणला. आजही विमसिंगमध्ये मुलाचा बाप्तिस्मा होतो तो त्याच झऱ्याच्या पाण्याने.

"तुमच्याकडे कोण आहे?" गुंडुलाने गोड आवाजात विचारलं.

किलियानने तोंड उघडलं. एरवी असल्या वेळी त्याच्या जिभेवर तीन टोमणे रांग लावून उभे असत. आज एकही आला नाही. कारण काकाला मूल नव्हतं, दोघी बहिणी लग्न करून दुसऱ्या नावाच्या झाल्या होत्या आणि टेलिफोनच्या यादीत त्या आडनावाचा एकच माणूस होता, तो स्वतः. आफ्राने एडनहोफर लिहिलं की शॉयनफ्लुग हे नाव यापुढे फक्त दगडावर उरणार होतं, तेही कबरीच्या.

विहीणबाई गेल्यावर तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. अर्ध्या तासाने आफ्राने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"'आजोबा क्सावर, एकट्याने चूल उचलून वरच्या मजल्यावर नेली. काका लॅम्बर्ट, जत्रेत एकतीस उकडीचे गोळे खाल्ले. मी, सरपंचाची गाडी.' बाबा, ही थोरांची यादी आहे की पोलिसांची?"

"इंटरनेटवर बघ ना कोणी मोठा सापडतो का."

"बघितलं. एक दातांचा डॉक्टर आणि एक सायकलचं दुकान."

"सायकलचं दुकान मोठं आहे का?"

"बाबा!" आफ्रा त्याच्या शेजारी बसली. "मला तुमचं नाव आवडतं. पण क्विरीनला त्या लिपचं किती वेड आहे, तुम्हाला माहीत आहे. तो नाव सोड म्हणाला नाही, मीही म्हणणार नाही. तुम्ही मध्ये पडू नका."

किलियानने मध्ये न पडण्याचं वचन दिलं आणि बुधवारी सकाळी थेट हेडविग बाईंचं दार वाजवलं.

हेडविग बाईंनी गावाच्या तीन पिढ्यांना पाढे शिकवले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चमधल्या जुन्या वह्या उतरवून गावातल्या प्रत्येक घराचा इतिहास लिहून काढला होता, घर नंबर एक ते एकसष्ट. किलियानला दारात बघून त्यांनी आधी त्याचे बूट बघितले.

"पाय पूस. काय चोरायला आलास?"

"बाई, मला एक थोर शॉयनफ्लुग पाहिजे. लहानसा असला तरी चालेल."

"वर्गात तू शेवटच्या बाकावर बसायचास आणि मागे वळून बघायचास. मागे भिंत होती." त्यांनी जाडजूड वही टेबलावर ठेवली. "शोध. हात धुऊन ये आधी."

त्याने आपलं घर काढलं, लेडरर, नंबर चौतीस. शॉयनफ्लुग होते, पण १८५१ पासूनच. त्याआधी भलतेच कोणी. म्हणजे आपण त्या घरातले मूळचे नाहीच? त्याला जरा धक्काच बसला. घरातल्या सगळ्यांची पक्की समजूत होती की आपण नोहाच्या पुरापासून इथेच आहोत.

"मग आम्ही आधी कुठे होतो, बाई?"

"नंबर सात."

त्याने पानं मागे उलटली. नंबर सात. लिप. १८३३ पासून मालक गेऑर्ग शॉयनफ्लुग.

किलियानने ती ओळ वाचली. चष्मा पुसून वाचली. मग वही खिडकीशी नेऊन वाचली. खाली तेव्हाच्या पाद्र्याने वहीत लिहिलेली वाक्यं बाईंनी जशीच्या तशी उतरवली होती. १८४५: लिपवरच्या गेऑर्गने यंदा नांगर धरला नाही, जंगलात झाडांच्या खोडांना भोकं पाडतो आहे. १८४६: यंदाही नांगर नाही, त्याच्या रानात काटे माजलेत, लोक हसतात. १८४७: पाणी आलं. आणि चार वर्षांनी: तीन वर्षं पडीक राहिलेलं शेत काही सावरलं नाही, गेऑर्गने लिप विकलं, नदीपलीकडचा एडनहोफर नावाचा माणूस राहायला आला, गेऑर्ग बायकोमुलांना घेऊन लेडररच्या झोपडीत गेला.

"म्हणजे तो लिप..." किलियानने त्या नावावर बोट ठेवलं. "तो आमचा होता?"

"तुझ्या खापरपणजोबाचा बाप."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. एकानेही उघडून बघितलं नाही. प्रत्येकाला आपापलं घर आधीच पाठ होतं." बाईंनी वही आपल्याकडे ओढली. "आणि तुझ्या त्या पहिल्या नांगर सोडणाऱ्याबद्दल सगळे हसतात ना? त्याने नांगर का सोडला, ते नावात कुठे लिहिलंय?"

बाहेर आल्यावर किलियान फाटकाला धरून दोन मिनिटं नुसता हसला. समोरून जाणाऱ्या पाववाल्याला वाटलं, ह्याने पुन्हा कोणाची तरी गाडी चढवली.

दुसऱ्या कोणी सरळ व्याह्याकडे जाऊन वही दाखवली असती. पण मग किलियान कसला? आयुष्यात एकदाच हातात असा हुकमाचा पत्ता येतो, तो गुपचूप टेबलाखालून द्यायचा?

रविवारी प्रार्थना सुटली आणि पुरुष मंडळी बिअरघरात आली. तिथल्या रीतीप्रमाणे बारा वाजायच्या आत पांढरी सॉसेजेस संपवायची असतात, त्यामुळे घाई होती. भट्टीजवळच्या मानाच्या टेबलावर व्याही एंगेलबर्ट एडनहोफर आधीच पसरून बसला होता. शेजारी त्याचा मुलगा क्विरीन आणि आफ्रा.

किलियान पडलेल्या चेहऱ्याने आत आला. इतका पडलेला की वाढणाऱ्या बाईने न विचारता त्याच्यासमोर बिअर ठेवली.

"काय लेडरर, दात दुखतोय?" कोणीतरी विचारलं.

"नाही रे. विचार करतोय."

"मग दुखणारच!"

टेबल हसलं. किलियानने सुस्कारा सोडला. "व्याहीबुवा, मी हरलो. तुमचं म्हणणं खरं आहे. नाव असावं तर पाणी आणणाऱ्याचं."

एंगेलबर्ट फुगला. "शेवटी उजेड पडला म्हणायचा!"

"बाबा," आफ्राने डोळे बारीक केले. बापाला ती जन्मापासून ओळखत होती.

"थांब गं. मी काय म्हणतो एंगेलबर्ट, ज्याने गावाला पाणी आणलं त्याचं रक्त ज्या घराण्यात, त्या घराण्याचं नाव आपल्या नातवंडांना. आपण दोघं तरी त्यावर कधी कुरकुर करायची नाही. बोल, मान्य?"

"मान्य? अरे, मी तर कधीपासून हेच सांगतोय!"

"मग दे हात."

एंगेलबर्टने हातावर असा हात मारला की मोहरीची वाटी उडाली. त्या टेबलावर मारलेला हात म्हणजे वकिलाच्या कागदापेक्षा भारी. आठ जणांनी बघितला, आठ जणांनी पेला आपटला.

आणि तेवढ्यात दार उघडून हेडविग बाई आत आल्या.

बाई बिअरघरात कधीच पाऊल ठेवत नसत. साठीचे दोघं-तिघं तर सवयीने उठूनच उभे राहिले. बाईंनी काखेतली वही टेबलावर ठेवली, सॉसेजची ताटली दोन बोटांनी बाजूला सारली आणि वर्गात वाचायच्या त्याच आवाजात घर नंबर सात वाचायला सुरुवात केली.

वाचून झालं.

"पण... पण तो लिप होता!" एंगेलबर्ट ओरडला. "आणि लिप आम्ही आहोत!"

"तुम्ही लिपमध्ये राहता, एंगेलबर्ट," बाई म्हणाल्या. "कोंबड्याही राहतात."

मग जे हसू फुटलं ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं. कोणी किलियानची पाठ बडवली, कोणी एंगेलबर्टला रुमाल दिला. "कामचोर जिंकला रे!" भट्टीजवळून कोणीतरी गर्जलं. किलियान खुर्चीवर चढून वाकून नमस्कार करत होता, आणि तिथून, उंचावरून, त्याला क्विरीन दिसला.

पोरगा पांढराफटक पडला होता. त्याने हातातला पेला हळूच टेबलावर ठेवला, टोपी घेतली आणि कोणाकडे न बघता बाहेर निघून गेला.

किलियान खुर्चीवरून उतरला. समोर आफ्रा उभी.

"झालं समाधान? बाजारात वासराचा सौदा करतात तसे हात मारलेत. लग्न कोणाचं आहे, बाबा? तुमचं आणि एंगेलबर्टकाकांचं?"

"अगं, मी फक्त..."

"तो पंचायतीत पाण्याचं काम का करतो, माहीत आहे तुम्हाला? म्युनिकची नोकरी हातात होती त्याच्या. आपल्या पूर्वजाचं पाणी आपण सांभाळायचं म्हणून राहिला. तुम्ही त्याचा पूर्वज सगळ्या गावासमोर हिसकावून घेतलात. हसत हसत."

किलियानने अर्धी बिअर तशीच सोडली. गावात ह्याची पुढे बरेच दिवस चर्चा झाली.

डोंगराची वाट चढायला पाऊण तास लागतो. झऱ्यावर दगडी खोली आहे, तिचं लोखंडी दार उघडं होतं. आत क्विरीन टाकीच्या कठड्यावर बसून पाण्याकडे बघत होता.

"मोजमाप घ्यायला आलो होतो," तो मागे न बघता म्हणाला.

"रविवारी?"

"दर रविवारी घेतो."

किलियान शेजारी बसला. बसताना गुडघा कुरकुरला. पाणी दगडातून येतच होतं, अंगठ्याएवढं जाड, न थांबता.

"क्विरीन, मी गाढव आहे."

"हो."

"इतक्या लवकर हो म्हणायचं नसतं रे सासऱ्याला." मग त्याने घसा खाकरला. "ऐक. तो हात मी मारला आणि तुझ्या बापाने मारला. तुम्ही दोघांनी नाही. उद्या तू एडनहोफर लिही. मी टाळ्या वाजवीन. खरंच सांगतो, ह्यात खोडी नाही."

क्विरीन उठला आणि कोपऱ्यातून एक लाकडाचा ओंडका ओढत आणला. काळाकुट्ट, मधून आरपार भोक पाडलेला, हाताच्या लांबीचा. "जुन्या नळीचा तुकडा. गेल्या वर्षी खणताना सापडला. अशी सातशे खोडं पोखरली त्याने. हाताने, दोन पुरुष लांबीच्या गिरमिटाने. मी एक पोखरून बघितलं होतं. तीन दिवस लागले आणि भोक वाकडं गेलं."

किलियानने भोकात हात घातला. आतून ते गुळगुळीत होतं.

"लहानपणी आजीला सांगायचो, मी मोठा झालो की लिप होणार," क्विरीन म्हणाला. "ती म्हणायची, तू आहेसच. आणि आज कळलं की नाही."

किलियानने तो ओंडका उचलून परत कोपऱ्यात ठेवायला मदत केली, आणि उतरताना पोराच्या मागे मागे चालला.

सोमवारी सकाळी दहाला पंचायतीच्या वरच्या खोलीत एवढी माणसं होती की नोंदणीबाईंनी खिडकी उघडली. एंगेलबर्ट चेहरा पाडून, गुंडुला पर्स छातीशी धरून, किलियान आणि त्याची बायको रोझवीथा भिंतीला टेकून. किलियानने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की काहीही झालं तरी टाळ्या वाजवायच्या.

"लग्नानंतरचं आडनाव," नोंदणीबाई म्हणाल्या. "नीट विचार करून लिहा. लग्न लागलं की मागे फिरता येत नाही. कोण लिहिणार?"

"लिही तू," आफ्रा क्विरीनला म्हणाली. "मला दोन्ही चालतात. माणूस तोच आहे."

क्विरीनने पेन घेतलं आणि लिहायला लागला. हळूहळू, पाटीवर पहिलं अक्षर गिरवावं तसा. किलियानने डोळे मिटून घेतले आणि टाळीसाठी हात वर धरले.

नोंदणीबाईंनी कागद उलटा फिरवून मोठ्याने वाचलं, "शॉयनफ्लुग."

कोणीच टाळी वाजवली नाही. किलियानचे हात वरच राहिले.

"क्विरीन!" एंगेलबर्ट पुटपुटला.

"बाबा, बत्तीस वर्षांत गावातल्या एकाही माणसाने मला एडनहोफर म्हणून हाक मारलेली नाही," क्विरीन वळून म्हणाला. "आणि तुम्हाला दुखवायला मी हे केलेलं नाही. लहानपणापासून मी ज्याच्यासारखा व्हायला निघालो होतो, त्याचं नाव आज समोर कागदावर मिळतंय, तेही आवडत्या बाईसकट. मी काय वेडा आहे, नको म्हणायला?"

आफ्राने भर कचेरीत त्याचा असा मुका घेतला की नोंदणीबाईंनी शिक्का शोधायचं निमित्त केलं.

गुंडुलाने मोठा श्वास घेतला. "मी चोवीस हातरुमालांवर 'ए'चं भरतकाम करून ठेवलंय!"

"काही हरकत नाही, विहीणबाई," रोझवीथा शांतपणे म्हणाली. "एंगेलबर्टना द्या. आत्ताच लागतील."

आणि खरंच, व्याह्याचे डोळे भरले होते. पण तो उठला, किलियानसमोर आला आणि भला मोठा हात पुढे केला. "हात मारला होता. एडनहोफर शब्द फिरवत नाही. पण एक सांगतो, लेडरर, माझ्या नातवाला नांगर मी शिकवणार!"

"शिकव की! आमच्यात कोणाला येतोय?"

मग किलियान उघड्या खिडकीकडे धावला, अर्धा बाहेर लोंबकळला आणि चौकात ओरडला, "शॉयनफ्लुग! ऐकलंत का? शॉयनफ्लुग!"

बंबखान्याच्या मागून गावचा अख्खा बँड बाहेर पडला. सतरा माणसं, चकाकती पितळी वाद्यं, आणि पोटाएवढा ढोल. कामाच्या दिवशी सकाळी, निम्मे लोक कामाच्याच कपड्यांत. पहिल्याच फुंकरीला कबुतरं छपरावरून उडाली आणि दुकानांची दारं उघडली.

आफ्रा खिडकीशी आली, बँडकडे बघितलं, मग बापाकडे. "हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतंत? आणि त्याने एडनहोफर लिहिलं असतं तर?"

"तरी हेच वाजवलं असतं," किलियान म्हणाला. "त्यांना एवढं एकच येतं."

एवढं बोलून त्याने रागावलेल्या विहीणबाईंचा हात धरला, पर्ससकट त्यांना जिन्यावरून खाली नेलं आणि हौदाभोवती असं गरागरा फिरवलं, की दुसऱ्या फेरीला गुंडुलाची टोपी पाण्यात पडली आणि तिसऱ्या फेरीला ती स्वतःच ताल धरून ओरडायला लागली, "अहो लेडरर, जरा जोरात! पाय काय नांगराला जुंपलेत का?"